आबांचा रँक

आमच्या बँकेत सकाळी अकराचा चहा आला की कुठला तरी देश बुडायला लागतो. कधी शेजारचा बुडतो, कधी लांबचा बुडतो. फारच निवांत दिवस असला तर आमची शाखाच बुडते. त्या दिवशी आपली संस्कृती बुडत होती आणि तिला बुडवत होती अमेरिका.

बुडवण्याचं काम नेहमीप्रमाणे हेड कॅशियरांकडे होतं. "अहो, अमेरिकेनं आपलं काही शिल्लक ठेवलंय का सांगा! पोरं बर्गर खातात, कोक पितात, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघतात. पार पोखरून टाकलं हो आपल्याला!" हे बोलताना त्यांनी अंगात जीन्स घातली होती. बूट एका जगप्रसिद्ध अमेरिकन कंपनीचे होते, म्हणजे अस्सल नव्हेत, अस्सलासारखे. आणि टेबलावर जो फोन होता त्याचे हप्ते आमच्याच शाखेतून जात असल्यामुळे, किती राहिलेत ते मी सांगू शकतो. सांगणार नाही. खातेदाराची बाब गोपनीय असते.

मी पडलो वाणिज्य शाखेचा. आम्हांला पहिल्याच वर्षी एक मंत्र देतात: येईल ते नावे, जाईल ते जमा. जगात काहीही नुसतं येत नाही आणि नुसतं जातही नाही, प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते, हे तत्त्वज्ञान लोकांना हिमालयात जाऊन मिळतं. आम्हांला ते एफ.वाय.बी.कॉम.ला पस्तीस मार्कांपुरतं मिळालं. हेड कॅशियरांची तक्रार ऐकून मला वाटलं, या माणसानं एकेरी नोंद केली आहे. जी बँकेत चालत नाही ती संस्कृतीत तरी का चालावी? म्हणून अमेरिकेचं आणि माझं खातं एकदा नीट उघडून बघायचं ठरवलं.

कोकची नोंद मी घेणार नाही. कोक १९७७ साली हा देश सोडून गेला, १९९३ साली परत आला आणि आल्या आल्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट अशी आपली घरची मंडळी विकत घेऊन बसला. हे मोठ्या लोकांचे व्यवहार. कोल्हापुरी माणसाला प्यायला तांबडा आणि पांढरा असे दोन रंग असताना तिसऱ्या, काळ्या रंगाचं त्याला एवढं अप्रूप कधीच नव्हतं. माझं खरं खातं आहे ते कुस्तीचं.

माझा जन्म मंगळवार पेठेतला. घरापासून खासबाग मैदान पायी दहा मिनिटांवर. माझे आजोबा, म्हणजे आबा, तरुणपणी पैलवान होते. हिंदकेसरी वगैरे नव्हेत. जत्रेच्या मैदानात रेवड्यांच्या कुस्त्या संपल्या आणि मोठी जोड अजून लागायची आहे, अशा मधल्या वेळेत ज्यांची कुस्ती लागते त्यांतले. पण कान मात्र अव्वल दर्जाचे मोडलेले. पैलवानाचा कान म्हणजे त्याची पदवी. ती चौकट करून भिंतीला लावावी लागत नाही. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट ट्रंकेत तळाला आहे. आबांचं डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावलेलं असे आणि लांबूनही वाचता येई.

१९९१ साली स्टार टीव्ही आला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत केबलवाल्यांनी गच्चीगच्चीवरून वायरी ओढल्या. आमच्या गल्लीत वायर शिरली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. त्या वायरीतून आमच्या सोप्यात डझनभर राक्षस शिरले. हल्क होगन आला, ब्रेट हार्ट आला, गुलाबी मांड्यांचा योकोझुना आला. आणि अंडरटेकर आला. काळा झगा, काळी टोपी, बुबुळं वर गेलेली. तो सात वेळा मरून जिवंत झालेला आहे अशी पक्की बातमी आमच्या वर्गात होती. मी त्या वयात व्याजाची गणितं तोंडी करीत होतो, पण या बातमीवर एकदाही शंका घेतली नाही.

मग पत्ते आले. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. प्रत्येक पत्त्यावर एका राक्षसाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, किती लढला, किती जिंकला आणि सर्वांत महत्त्वाचं, रँक. तुमच्या पत्त्याचा आकडा सरस तर समोरच्याचा पत्ता तुमचा. कुस्ती न खेळता कुस्ती जिंकण्याची ही सोय भारी होती. आमच्या पेठेतल्या पोरांनी शतकानुशतकं जी गोष्ट जोर मारून, बैठका काढून, तोंडात माती जाईपर्यंत केली, ती आम्ही शाळेच्या मागच्या बाकावर बसून बत्तीस पत्त्यांत उरकू लागलो.

एके दिवशी मला आबांचा पत्ता करायची हुक्की आली. वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्यावर आबांचा पासपोर्ट साइझ फोटो चिकटवला आणि माहिती गोळा करायला बसलो.

"आबा, तुमची उंची किती?"

"का रं? कापड आणतोस काय?"

"छाती?"

"फुगवून सांगू का तशीच?"

"आयुष्यात कुस्त्या किती केल्या?"

"आरं, कोण मोजतंय?"

"मग जिंकल्या किती?"

आबांनी बराच वेळ विचार केला. "जितलेल्या ध्यानात न्हाईत. हरलेल्या चार हैत. त्या सांगू?"

आणि त्यांनी चारही सांगितल्या. गाव, जत्रा, समोरचा कोण, कुठल्या तालमीचा, कुठला डाव बसला आणि आपलं कुठं चुकलं. अर्धा तास सांगत होते. मी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही, कारण पत्त्यावर हरलेल्या कुस्त्यांचा रकानाच नव्हता. अमेरिकेत तो छापत नसत.

शेवटी रँक. बत्तीस पत्त्यांत आबांना बसवायचं तर कुणाच्या वर? सगळे सहा-सहा, सात-सात फुटांचे. मी प्रामाणिक मुलगा होतो. मी लिहिलं: ३२.

आबांनी पत्ता हातात घेतला, लांब धरून वाचला. "एक लंबर कोन?"

"अंडरटेकर."

"काय करतोय?"

"प्रेतं पुरतो."

आबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग बराबर हाय. शेवटाला त्योच जितनार."

दुसऱ्या दिवशी ते पत्ता घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले. धारोष्ण दुधाचा पेला एका हातात, पत्ता दुसऱ्या हातात, आणि आपल्या वयाच्या चार मोडक्या कानांना दाखवत होते, "नातवानं काढलाय!" मी लांबून बघत होतो. रँकच्या जागी त्यांनी अंगठा ठेवला होता.

एका रविवारी आबा माझ्याबरोबर टीव्हीपुढे बसले. त्यांनी केलेलं परीक्षण मी पुढे कुठल्याही समीक्षकाकडून ऐकलं नाही. सुरुवातीलाच एकानं दुसऱ्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली.

"पंच काय करतोय?"

"त्याचं लक्ष नाही, आबा."

"पगार घेतोय न्हवं?"

मग एकानं दुसऱ्याला डोक्यावर उचलून आपटलं. मी टाळी वाजवली. आबा म्हणाले, "ह्यो पडला न्हाई, ह्यानं उडी मारली. पाय बघ की त्याचं. वरच्यानं उचललंच न्हाईत." मग तो वरचा कोपऱ्यातल्या दोरीवर चढला आणि हात पसरून उभा राहिला. "आता ह्यो खालचा बाजूला का हुईना?"

"तो बेशुद्ध आहे!"

"बेसुद मानूस डोळं किलकिलं करून वर बघत न्हाई, लेकरा."

आणि त्यांनी निकाल दिला, "नुरा हाय." नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली. कुस्तीच्या जगात याहून मोठी शिवी नाही. आपल्याकडे नुरा होत नव्हती असं नाही. पण झाली तर पब्लिक पागोटी फेकायचं सोडून दगड फेकायचं. मी दोन दिवस आबांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले आणि म्हणाले, "एक सांगतो. पडनारा लई चांगला पडत हुता. आसं पडायला धा वर्सं लागत्यात. नाव पाडनाऱ्याचं हुतंय, कष्ट पडनाऱ्याचं." मला ते तेव्हा समजलं नाही. बँकेत वीस वर्षं काढल्यावर नीट समजलं.

पुढे कळलं की आबांचा निकाल अमेरिकेत आधीच लागून गेला होता. १९८९ साली या कंपनीनं न्यू जर्सीच्या सिनेटपुढं स्वतः होऊन सांगितलं होतं की, हा खेळ नाही, ही करमणूक आहे. का? तर खेळ म्हटलं की सरकारी आयोगाची देखरेख आली, फी आली, कर आला. कर वाचवण्यासाठी खोटं बोलणारे गिऱ्हाईक मी रोज बघतो. कर वाचवण्यासाठी खरं बोलणारा माणूस जगाच्या इतिहासात हाच पहिला असावा. तेवढ्यापुरता मला त्या देशाबद्दल आदर वाटतो. पण ही खरी गोष्ट सांगितली न्यू जर्सीच्या सिनेटला. मंगळवार पेठेतल्या तेरा वर्षांच्या मुलाला कुणी कळवली नाही. वायरीतून अंडरटेकर आला, त्याचं कबुलीपत्र तिकडेच राहिलं.

इथं आमच्या शाहू महाराजांची आठवण होते. महाराज १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं आणि कोल्हापुरात तसं कुस्तीचं मैदान बांधायचं मनात घेतलं. १९१२ साली खासबाग उभं राहिलं: मध्ये लाल मातीचा आखाडा, भोवती उतरता घेर, कुठंही बसा, मान न वाकवता कुस्ती दिसते. आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. आता गंमत बघा. कुस्ती आणि नाटक, दोन्हींचा शौक एकाच राजाला, दोन्ही इमारती एकमेकींना खेटून. पण मध्ये भिंत ठेवली. इकडे आलात तर पडणारा खरा पडतो. तिकडे गेलात तर मरणारा पडदा पडल्यावर उठून चहा पितो. प्रेक्षकाला कुठल्या दारानं शिरायचं ते ठाऊक. अमेरिकेनं केलं एवढंच, की ती भिंत पाडली आणि दोन्हींचं एकच तिकीट लावलं. यापलीकडे या सगळ्या प्रकारावर मला काही टीका करायची नाही. नाटक वाईट नाही, कुस्ती वाईट नाही, भिंत पाडताना प्रेक्षकाला सांगायला हवं होतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं. माझ्या शेजारी एक वयस्क पैलवान उभा होता, त्यानं आयुष्यात एखादं नाटक पाहिलं असेल की नाही शंका आहे. तो डोळे पुसत होता. भिंत म्हणजे तुटकपणा नव्हे, तो शेजार होता, हे त्या रात्री कळलं.

आता हेड कॅशियर म्हणतील, म्हणजे आमचंच खरं! अमेरिका वाईट! थांबा. नावे बाजू अजून भरायची आहे.

मैदानाची कल्पना रोमची, हे झालंच. 'कुस्ती' आणि 'पैलवान' हे शब्द फारसी. 'वस्ताद' तिकडूनच आला. पंजाबातले मल्ल महाराजांनी पदरी ठेवले, त्यांचे डाव इथल्यांनी उचलले. पुढे सादिक पंजाबी पाकिस्तानातून आला, इथल्या तालमीत राहिला, इथल्या मैदानात लढला, आणि कोल्हापूरकरांनी त्याला डोक्यावर घेतला. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे १९५९ साली ती गदा जिंकले. कोल्हापूर त्यांना आपलं म्हणतं, पण गाव त्यांचं एकसंबा, बेळगाव जिल्ह्यातलं. त्यांच्या पुढच्या वर्षीचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर सांगली जिल्ह्यातल्या पुनवतचे. म्हणजे ज्याला आम्ही छाती फुगवून 'अस्सल कोल्हापुरी' म्हणतो, त्यातला किती माल बाहेरून आलाय ते नावे बाजू वाचली की कळतं. फार काय, खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना मॅटवरच्या कुस्तीचं शिक्षण देणारा रीस गार्डनर हा चक्क अमेरिकन होता. त्या स्पर्धेत खाशाबा सहावे आले.

तेव्हा बाहेरून येण्याला माझी हरकत नाही. पण या सगळ्या आलेल्यांत आणि अंडरटेकरमध्ये एक फरक आहे. हे सगळे हौद्यात उतरले. आधी माती कपाळाला लावली, मग सलामी दिली, मग भिडले. कधी त्यांनी आम्हांला पाडलं, कधी आम्ही त्यांना. पाठीला माती लागली तर तिला हळद, तेल, ताक, लिंबू सगळ्यांचा वास, आणि तो पंजाब्याला वेगळा नि कोल्हापूरकराला वेगळा येत नाही. गार्डनरनं खाशाबांचा हात धरून शिकवलं. अंडरटेकर मात्र माझ्या सोप्यात दहा वर्षं राहिला. त्याला मी एकदाही हात लावू शकलो नाही. त्याला माझ्या आबांची खबरही नव्हती. ज्याच्याशी हस्तांदोलन होत नाही तो पाहुणा कसला? तो भाडेकरूही नव्हे, कारण भाडं मीच भरत होतो, दरमहा, केबलवाल्याला.

आणि जे तिकडे गेले त्यांचं काय झालं? हिमाचलचा दलीपसिंग राणा तिकडे 'द ग्रेट खली' झाला. त्याच्यासाठी बांबूचा प्रचंड पिंजरा बांधला, त्याचं नाव 'पंजाबी तुरुंग'. हिमाचलचा माणूस, पंजाबचा तुरुंग, बांबू कुठला ते देवाला माहीत. २००७ साली तो त्यांचा जागतिक विजेता झाला आणि आम्हां सर्वांना अभिमान वाटला; मलाही वाटला, खोटं कशाला बोलू? २०१७ साली आणखी एक भारतीय विजेता झाला, त्याला नाव दिलं 'महाराजा'. हा महाराजा जन्मानं कॅनडाचा, कॅलगरीचा. योकोझुना जपानी म्हणून मिरवायचा, तो सामोअन घराण्यातला अमेरिकन निघाला. म्हणजे अमेरिकेच्या दुकानात जगातला प्रत्येक देश मिळतो; फक्त त्या देशाला तसं कळवलेलं नसतं. ज्या गावात खऱ्या महाराजांनी खरं मैदान बांधलं, तिथल्या पोरांनी कॅलगरीच्या महाराजासाठी शिट्ट्या मारल्या. आबा असते तर म्हणाले असते, "पगार घेतोय न्हवं?"

या कंपनीला खऱ्या अर्थानं चीतपट केलं ते फक्त एकानं. पूर्वी तिचं नाव 'डब्ल्यू डब्ल्यू एफ' होतं, आणि वन्यप्राणी वाचवणाऱ्या जागतिक संस्थेचंही तेच. ती संस्था इंग्लंडच्या कोर्टात गेली आणि २००२ साली या सगळ्या राक्षसांना आपल्या नावातलं एक अक्षर बदलावं लागलं. त्या संस्थेच्या चिन्हावर पांडा आहे. हल्क होगन, अंडरटेकर, सगळे एका बाजूला आणि तो गुबगुबीत पांडा दुसऱ्या बाजूला. दोन्ही खांदे टेकले. नुरा नव्हे.

आता जमा बाजू. येणाऱ्याच्या बदल्यात गेलं काय?

हे लिहिताना मला खाशाबांच्या दुसऱ्या ऑलिंपिकचा कागद डोळ्यांपुढे येतो. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. मी कर्ज विभागात चार वर्षं काढली आहेत. हा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी काय शेरा मारला असता ते मला माहीत आहे. कर्जाचं प्रयोजन: विद्यार्थ्याची कुस्ती. उत्पन्नाचं साधन: नाही. परतफेडीची शक्यता: अनिश्चित. नामंजूर. खर्डेकरांनी तो मंजूर केला, स्वतःच्या छपरावर. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा तो पोरगा ब्राँझ पदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांना अंडरटेकरचं वजन पौंडांत पाठ होतं. खाशाबांचा गट सत्तावन्न किलोचा, हे एकालाही ठाऊक नव्हतं. कारण खाशाबांचा पत्ता नव्हता. आता यात अमेरिकेचा दोष किती? छापखाना तिचा, वायरीतून येणारा माल तिचा. एवढी मोठी थैली घेऊन बसलेल्या सावकारापुढं लहान दुकानदाराचं काय चालणार, हे मी रोज पाहतो. पण तिनं स्वतःचे पत्ते छापले. आमचे छापू नका असं तिनं लिहून दिलं नव्हतं. बत्तीस पत्ते लागतात. आमच्याकडे खंचनाळे होते, आंदळकर होते, मारुती माने होते. गावोगावच्या तालमींत आणखी हजार निघाले असते. एक पत्ता मीही केला होता आणि त्यावर ३२ हा आकडा अमेरिकेनं नव्हे, मी माझ्या हातानं लिहिला होता.

परकी वस्तू घरात आल्यानं घर बुडत नाही. घरातल्या माणसाला परक्याच्या रकान्यांत मोजायला लागलं की बुडायला सुरुवात होते. त्या रकान्यांत हरलेल्या कुस्त्या बसत नाहीत, मोडका कान बसत नाही, वस्तादाचं नाव बसत नाही. माझ्याकडून जमा बाजूला गेलं ते हे.

आता आमचे चिरंजीव तेरा वर्षांचे झाले. ते हाच प्रकार नेटफ्लिक्सवर बघतात. जवळच्या तालमीत वर जिम झाली आहे, तिथं हे जातात. मध्यंतरी त्यांनी व्हे प्रोटीनचा डबा मागितला. किंमत ऐकून मी त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचला. चीज करताना जे पाणी उरतं ते वाळवून केलेली ही पूड. आमच्या सौ. म्हणाल्या, "म्हणजे दूध नासल्यावर मी जे कणकेत घालते ते?" तेच. आबा दूध कट्ट्यावर आख्खं दूध प्यायचे. नातवाला त्याचं उरलेलं पाणी हवं होतं, आणि तेही डब्यातून.

गेल्या हंगामात मी त्याला ओढत खासबागला नेला. हलगी कडाडत होती, फेटे उडत होते. मोठी जोड लागली. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले ते उभेच. पाच मिनिटं, आठ मिनिटं.

"पप्पा, हे काय करतायत?"

"कुस्ती."

"पण काहीच होत नाहीये!"

पोरगा खिशातून मोबाइल काढतो न काढतो तोच सबंध मैदान उभं राहिलं. ढाक बसला होता. खालचा उताणा, वरचा छातीवर, पंचाचा हात वर. सगळं डोळ्याचं पातं लवतंय एवढ्यात. चिरंजीव बावरले. मान इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाले, "रिप्ले कुठाय?"

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कान बघून मी ओळखलंच. त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "रिप्ले पायजे व्हय? ऊठ." आणि त्यांनी माझ्या पोराचा हात बगलेत धरला, मान दाबली, पाय आत घातला आणि अर्ध्या वाटेवर त्याला तोलून धरला. "हितं त्येचा तोल गेला. हितनं पुढं निसतं वजन. कळलं?" पोरानं वाकल्या वाकल्या मान डोलावली. म्हाताऱ्यांनी त्याला अलगद खाली बसवलं, कपडे झटकले आणि पुढची कुस्ती बघायला लागले. जगातल्या कुठल्याही वाहिनीवर असा रिप्ले मी पाहिलेला नाही.

घरी आल्यावर चिरंजीव मान चोळत होते, पण खूश होते. मी कपाटातून आबांचा पत्ता काढला. आबा जाऊन वीस वर्षांवर झाली; पत्ता मी पासबुकांबरोबर ठेवतो. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "बत्तीस? पणजोबा शेवटचे?"

"ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

"हरले किती ते का नाही लिहिलं?"

"चार."

"कुणाशी? कसे?"

मी आठवायला बसलो. कागलच्या मैदानातली एक आठवली. ढाकच होता. डावा पाय मागं ठेवायला हवा होता, तो बरोबरीत राहिला. आबा आपल्या पायाकडे बोट दाखवून सांगत होते ते दिसलं. उरलेल्या तीन काही केल्या आठवेनात. गाव नाही, नाव नाही, डाव नाही. सांगणारा अर्धा तास सांगत होता आणि मी रकाना शोधत होतो.

"डावा पाय मागं म्हणजे कसा?" चिरंजीव उभे राहिले. मीही उभा राहिलो. सौ. "अहो, वय काय तुमचं" म्हणेपर्यंत त्यानं म्हाताऱ्यांनी शिकवलेला डाव टाकला. माझा डावा पाय बरोबरीत राहिला. आमच्या घराण्यातली ती चूक पिढीजात असावी.

तीन दिवस कंबर धरून झोपलो. रजेच्या अर्जात कारण लिहायचं असतं. बँकेत येऊन वीस वर्षं झाली, पण 'कुस्ती' हे कारण प्रथमच लिहिलं. चौथ्या दिवशी अकराचा चहा आला तेव्हा हेड कॅशियरांनी विचारलं, "मग काय, अमेरिकेचा हिशेब लागला का?"

"ताळा लागत नाही," मी म्हणालो. "तीन कुस्त्यांचा फरक येतोय."